देहाची पथ्ये आणि अंतरंगाचा हक्क

आपण एकमेकांना भेटल्यावर 'प्रकृती कशी आहे?' असे विचारतो, तेव्हा एकाच शब्दात दोन गोष्टींची चौकशी करीत असतो. प्रकृती म्हणजे शरीराचे आरोग्य, आणि प्रकृती म्हणजे माणसाचा मूळ पिंडही. रागावलेल्याचे पित्त खवळते, न पटलेली गोष्ट पचनी पडत नाही, गुपित पोटात ठेवावे लागते आणि कधीतरी पोटातले ओठावर येते. आज हे सारे आपल्या लेखी वाक्प्रचार आहेत. पण एके काळी ते वाक्प्रचार नसून वस्तुस्थितीचे साधे कथन असेल, तर त्या काळच्या कवीने 'माझे अंतरंग' म्हटल्यावर त्याला नेमके काय अभिप्रेत असेल? इंग्रजी रेनेसान्सच्या काव्यापुढे हा प्रश्न चिकाटीने ठेवणाऱ्या अभ्यासकांत मायकेल शोनफेल्ट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मिशिगन विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले. १९९१ साली जॉर्ज हर्बर्टवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्यांचा 'बॉडीज अँड सेल्व्ह्ज इन अर्ली मॉडर्न इंग्लंड' हा ग्रंथ प्रकाशित केला. स्पेन्सर, शेक्सपिअर, हर्बर्ट आणि मिल्टन या चार कवींचे शरीरविज्ञान आणि त्यांचे आंतरिक जीवन यांची सांगड हा ग्रंथ घालतो. त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे. इतक्या अवधीनंतर एखाद्या संशोधनाकडे पाहताना त्यातले टिकाऊ काय आणि अपुरे काय, हे अधिक शांतपणे सांगता येते.

प्रथम त्या शरीरविज्ञानाविषयी. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने चालत आलेल्या या शास्त्राप्रमाणे देहात चार रस असतात : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. खाल्लेले अन्न जठरात शिजते, तेथून यकृतात जाऊन त्याचे रक्त आणि इतर रस होतात. हृदयात त्याचेच आणखी सूक्ष्म असे प्राणद्रव्य होते आणि मेंदूत ते अधिकच विरळ होऊन विचार, स्मृती, कल्पना यांचे वाहन बनते. म्हणजे सकाळी खाल्लेल्या भाकरीचा एखादा अंश संध्याकाळच्या चिंतनात उतरतो, आणि तेही लाक्षणिक अर्थाने नव्हे. रसांचे प्रमाण बिघडले की रोग होतो आणि स्वभावही बिघडतो, कारण ती दोन निराळी बिघाडे मानलेलीच नाहीत. हवा, अन्नपान, झोप आणि जागरण, हालचाल आणि विश्रांती, मलविसर्जन, आणि मनाचे विकार या सहा गोष्टी माणसाने आपल्या हाती ठेवाव्यात, असे हे शास्त्र सांगे.

हे वाचताना आपल्याला आयुर्वेद आठवणे साहजिक आहे. तरी घाईने समीकरण मांडू नये. आपल्याकडे दोष तीन आहेत, रक्त हा दोष नसून धातू आहे, आणि दोन्ही शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाची मुळे वेगवेगळ्या मातीत आहेत. खरे नाते जुळते ते युनानीशी. 'युनानी' या शब्दातच ग्रीस आहे. हैदराबादेत ज्यांच्या घरी हकिमांची औषधे येत, त्या कुटुंबांतील वृद्धांच्या कानांवर खून, बलगम, सफरा आणि सौदा हे शब्द पडलेले असतील. ते गॅलेनचेच चार रस, अरबी ग्रंथांच्या मार्गाने आलेले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला ग्रासणारे काळे पित्त आणि हकिमांचा सौदा ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

शोनफेल्ट यांचे म्हणणे समजण्यासाठी ते कोणाशी वाद घालीत होते हे पाहिले पाहिजे. १९८० साली स्टीफन ग्रीनब्लाट यांचा 'रेनेसान्स सेल्फ-फॅशनिंग' हा ग्रंथ आला आणि पुढची वीस वर्षे या क्षेत्रावर त्याची छाया होती. सोळाव्या शतकातील माणूस स्वतःला घडवतो आहे असे दिसते खरे. प्रत्यक्षात राजसत्ता, धर्मपीठ आणि कुटुंब हीच त्याला घडवीत असतात, असा त्या ग्रंथाचा एकूण रोख. त्यामागे मिशेल फुको यांची विचारसरणी उघडच होती. १९९३ साली गेल कर्न पॅस्टर यांनी 'द बॉडी एम्बॅरस्ड' या ग्रंथात त्या काळच्या नाटकांतील देह तपासला. तो देह गळका, पाझरणारा, सतत लाज आणणारा. त्यातही स्त्रीचा देह तर गळक्या भांड्यासारखा मानलेला. या दोन्ही मांडण्यांत माणूस दबलेला आहे. एकीकडे सत्तेने, दुसरीकडे स्वतःच्याच देहाने.

शोनफेल्ट हे चित्र उलटे करतात. त्या काळच्या लोकांना भीती वाटे ती विकारांच्या पुराची; नियमाची त्यांना तितकी भीती नव्हती. क्रोध, काम, शोक हे बाहेरून येणाऱ्या जुलमी राजासारखे होते, आणि पथ्य हे त्या राजापासून सुटण्याचे साधन. आपण ज्याला दडपण म्हणतो त्याला ते लोक मोकळीक म्हणत असावेत, हे शोनफेल्ट यांचे मध्यवर्ती सूत्र. त्यासाठी ते फुकोच्याच उत्तरकाळातील, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या, आत्मसंवर्धनावरील लेखनाचा आधार घेतात. प्रतिपक्षाच्या घरातूनच शस्त्र आणणे हा वादपटूंचा जुना डाव. येथे तो प्रामाणिकपणे खेळलेला आहे. मिताहार, संयम, युक्ताहारविहार हे शब्द ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले, त्या आपल्यासारख्या वाचकांना या सूत्राचे फारसे नवल वाटणार नाही. अमेरिकन विद्यापीठांत मात्र १९९९ साली ते सांगायला धैर्य लागत होते.

या सूत्राचे सर्वांत समृद्ध दर्शन स्पेन्सरच्या प्रकरणात घडते. 'फेअरी क्वीन' या १५९० साली प्रथम छापलेल्या महाकाव्याचा दुसरा खंड संयम या सद्गुणाला वाहिलेला आहे. त्याचा नायक गायॉन हा आल्मा नावाच्या कुमारीच्या गढीत येतो. आल्मा म्हणजे आत्मा आणि गढी म्हणजे देह. तोंड हा दरवाजा. त्याच्या आत दोन्ही बाजूंना सोळा-सोळा पहारेकरी, म्हणजे बत्तीस दात. पुढे मोठे स्वयंपाकघर. तेथे चुलाण्यावर प्रचंड हंडा रटरटतो आहे, भाता सतत वारा घालून धग बेताची ठेवतो आहे, ही फुप्फुसे. 'पाक' नावाचा मुख्य आचारी आहे, 'पचन' नावाचा कारभारी आहे, आणि निरुपयोगी भाग एका गुप्त वाटेने मागच्या दाराबाहेर निघून जातो. जुन्या पिढीतील इंग्रज समीक्षकांना हा भाग थोडा ओंगळ आणि बराचसा कंटाळवाणा वाटे. शोनफेल्ट नेमके येथेच थांबतात. त्यांचे एक निरीक्षण विशेष मार्मिक आहे : या गढीत जननेंद्रियांना जागाच नाही, आणि केंद्रस्थानी आहे ते जठर. माणसाच्या अंतरंगाची किल्ली कामवासनेत शोधण्याची सवय आपल्याला फ्रॉइडनंतर जडली. स्पेन्सरच्या काळी ती किल्ली कोठीघरात टांगलेली होती. काय आत घ्यावे, किती घ्यावे, त्यातले काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णय दिवसातून दोनतीनदा घेणे म्हणजेच 'मी' असणे.

स्वयंपाकघरातून गायॉन हृदयाच्या दालनात जातो. तेथे काही स्त्रिया बसलेल्या आहेत. त्यांतल्या एकीशी तो बोलू लागतो, तर ती लाजेने लाल होते आणि तिला उत्तरच देता येत नाही. आल्मा त्याला सांगते की ही दुसरी कोणी नसून लज्जा आहे, आणि तुझ्या स्वभावाचा उगम तिच्यात आहे. हे ऐकून गायॉनही लाजतो. आपलाच स्वभाव समोर दुसरी व्यक्ती होऊन बसला आहे आणि त्याच्याशी आपण औपचारिक संभाषण करीत आहोत, हा प्रसंग इंग्रजी काव्यातील आत्मपरिचयाच्या सर्वांत विलक्षण प्रसंगांपैकी एक आहे. पॅस्टर यांनी लज्जेकडे शिक्षा म्हणून पाहिले. येथे लज्जा हीच ओळख आहे. या ठिकाणी दोन्ही अभ्यासकांचे म्हणणे एकदम खरे वाटते, आणि शोनफेल्ट यांनी त्या गुंत्यात आणखी थोडे रेंगाळायला हवे होते असे वाटून जाते.

शेक्सपिअरच्या सुनीतांविषयीचे प्रकरण वादग्रस्त आहे. ज्यांच्यात दुखावण्याची शक्ती आहे पण जे दुखावीत नाहीत, जे आपल्या चेहऱ्याचे मालक आहेत, अशा माणसांविषयीचे चौऱ्याण्णवावे सुनीत अनेक समीक्षकांनी उपरोधिक मानले. इतरांना हलवणारा पण स्वतः दगडासारखा थंड राहणारा माणूस कौतुकास पात्र कसा, हा त्यांचा प्रश्न. शोनफेल्ट म्हणतात की, सुनीत सरळ वाचा. प्रेमाला ज्वर आणि बुद्धीला निघून गेलेला वैद्य म्हणणारा कवी शांत, न पेटणाऱ्या माणसाचा हेवा करील यात आश्चर्य ते काय? हा अर्थ मला निम्मा पटतो. सुनीताच्या पूर्वार्धाला तो चोख बसतो. शेवटी मात्र कुजलेल्या फुलाचा दर्प येतो, आणि तो दर्प कोणत्याही पथ्याने जात नाही.

हर्बर्टविषयी थोडक्यात. १६३३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या 'द टेंपल' या संग्रहातील एका कवितेत देव यजमान होऊन संकोचलेल्या पाहुण्याला जेवायला बसवतो. याच हर्बर्टने लुईजी कोर्नारो या इटालियन गृहस्थाच्या मिताहारावरील निबंधाचे भाषांतर केले होते. ते १६३४ साली केंब्रिजमध्ये छापले गेले. कोर्नारोने आपला आहार दिवसाला बारा औंस अन्न आणि चौदा औंस मद्य एवढ्यावर आणला होता. आप्तांच्या आग्रहास्तव दोन्हींत दोन-दोन औंसांची वाढ केली, तर तो आजारी पडला. भक्तिकवी आणि तराजू घेऊन जेवणारा हा गृहस्थ यांची गाठ घालून शोनफेल्ट यांनी हर्बर्टच्या भक्तीला पोट दिले, असे म्हणता येईल. ईश्वराचा प्रसाद हाही त्या कवीच्या लेखी पचायचाच असतो.

मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) हा धागा विश्वाएवढा होतो. राफेल हा देवदूत आदमच्या घरी जेवायला बसतो, आणि देवदूतांचे जेवणे हा देखावा नसून त्यांना खरी भूक लागते व अन्न खरोखर पचते, असे मिल्टन आवर्जून सांगतो. योग्य आहाराने मानवाचा देहही कालांतराने चिन्मय होऊ शकेल, असे आश्वासन तो दूत देतो. मग पतन घडते, तेही खाण्यानेच. येथे एक अवांतर नोंद. स्पेन्सरच्याच पिढीतला एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्याला आला आणि आदम-हव्वेच्या त्याच फळाची कथा त्याने मराठी ओवीत गायिली. राशोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, म्हणजे मिल्टनच्या काव्याच्या एक्कावन्न वर्षे आधी. इंग्रजी रेनेसान्सचा अभ्यास करणाऱ्यांच्या हिशोबात हा ग्रंथ क्वचितच असतो, कारण तो इंग्रजीत नाही. आपण तरी तो विसरू नये.

आता शंकांकडे वळू. आल्माच्या गढीत आचारी आहे, कारभारी आहे, पहारेकरी आहेत, आणि या सर्वांवर आज्ञा चालवणारी एक स्वामिनी आहे. म्हणजे 'स्व'ची ही वास्तू श्रीमंताचा वाडा आहे. ताट भरलेले आहे हे गृहीत धरल्यावरच कमी खाण्याला गुण म्हणता येते. 'फेअरी क्वीन'चे पहिले तीन खंड छापले गेले त्यानंतर चारच वर्षांनी, १५९४ पासून, इंग्लंडमध्ये लागोपाठ पिके बुडाली आणि धान्य महागले. त्या वर्षांत पोटाला चिमटा घेणाऱ्या मजुराचे अंतरंग कसे होते? त्याचा मिताहार त्याने निवडलेला नव्हता. शोनफेल्ट यांच्या ग्रंथात हा माणूस येत नाही. चार मोठे कवी निवडले की असे होणारच, हे खरे. पण ग्रंथाच्या नावात इंग्लंड आहे, चार कवी नाहीत.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. गायॉनच्या संयमाची परिणती होते ती एका रम्य उपवनाच्या विध्वंसात. मंडप, बागा, भोजनगृहे सगळे तो निष्ठुरपणे मोडून टाकतो. ग्रीनब्लाट यांनी या विध्वंसाचे नाते आयर्लंडमधील आणि नव्या जगातील युरोपीय अत्याचारांशी जोडले होते. स्पेन्सर १५८० पासून आयर्लंडमध्ये इंग्रजी सत्तेचा अधिकारी होता. आयर्लंडच्या स्थितीविषयी त्याने १५९६ च्या सुमारास लिहिलेल्या गद्य संवादात मन्स्टर प्रांतातील दुष्काळाचे अंगावर काटा आणणारे वर्णन आहे, आणि उपासमार हे बंड मोडण्याचे साधन म्हणून तेथे विचारात घेतलेले आहे. तेव्हा मिताहाराचा कवी आणि उपासमारीचा सल्लागार एकच. शोनफेल्ट गायॉनचा संयम त्याच्या स्वतःच्या देहापुरता पाहतात आणि तेवढ्यापुरते त्यांचे विवेचन निर्दोष आहे. पण आपल्या भुकेवर ताबा मिळवलेला माणूस दुसऱ्याच्या भुकेवरही ताबा मागू लागतो तेव्हा काय होते, हे विचारल्यावाचून त्या खंडाचे वाचन पुरे होत नाही. याबाबतीत ग्रीनब्लाट यांचा पक्ष अजूनही बळकट आहे.

तिसरी शंका अंतरंगाच्या खाजगीपणाविषयीची. पथ्य माझे, देह माझा, त्याचा हिशोब मी आणि फार तर माझा देव पाहणार, असे शोनफेल्ट यांचे चारही कवी धरून चालतात. परंतु देहाच्या सवयी बाहेरून दिसतात. त्या कोणालाही वाचता येतात. वाचणारा सत्ताधारी असेल तर? या शंकेचा कस लावायचा तर इंग्लंडबाहेर पडून त्याच रेनेसान्सच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा गोव्याला यावे लागते. तेथे त्याच गॅलेनच्या परंपरेत शिकलेल्या एका वैद्याने आपला 'स्व' एका वैद्यकीय ग्रंथात लिहून ठेवला आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालमधील कास्तेलू द व्हिद गावचा. सालामांका आणि अल्काला येथे त्याचे शिक्षण झाले, काही काळ त्याने लिस्बनला अध्यापन केले, आणि १५३४ साली तो मार्तिम अफोन्सो द सोझा याच्या आरमाराबरोबर गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून ये-जा होती. हिंदुस्थानातील वनौषधींवरील त्याचे 'कोलोकियुश' १५६३ साली गोव्यात छापले गेले. लुईश द कामोंइश या महाकवीची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे, एवढ्यावरूनही साहित्याच्या इतिहासात त्याला जागा मिळाली असती. पण ग्रंथाचे खरे साहित्यिक मोल त्याच्या घाटात आहे. तो सबंध ग्रंथ संवादरूप आहे. एका बाजूला ओर्ता. दुसऱ्या बाजूला स्पेनमधून नुकताच आलेला, त्याच विद्यापीठांत शिकलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य. रुआनो पुस्तकांचे दाखले देतो, ओर्ता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. अनेक अभ्यासकांनी म्हटल्याप्रमाणे रुआनो म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा, पुस्तकांत वाढलेला ओर्ताच. गायॉन लज्जेशी बोलत होता तसा हा वैद्य स्वतःच्या पूर्वावताराशी बोलतो आहे.

या संवादात एक जागा अशी आहे की मराठी वाचकाने दचकून थांबावे. गप्पा चालू असताना एका घरचा नोकरपोऱ्या धावत येतो. धन्याच्या भावाला बरे नाही, आजारी पडून दोन तास झाले, ताबडतोब चला. आजार काय? 'मोर्शी'. ही आपली मोडशी. ओर्ता रुआनोला सांगतो की आम्ही याला लॅटिन नावाने ओळखतो, येथील लोक मोर्शी म्हणतात, आणि आमच्या लोकांनी त्याचे मोर्देशी केले आहे. येथे हा रोग युरोपातल्यापेक्षा तीव्र असून बहुधा चोवीस तासांत मारतो, काही रोगी तर दहा तासही टिकत नाहीत. युरोपीय माणसाने केलेले या भागातील पटकीचे हे आद्य तपशीलवार वर्णन मानले जाते. आपल्या घरांत मोडशी म्हणजे अपचन, पोट बिघडणे. ओर्ताच्या कानी आला तो तोच शब्द, मरणाच्या अर्थाने. गॅलेनच्या शिष्याला पचनाचा प्रलय दाखवायला मराठी-कोंकणी शब्द लागला. लक्षणांचे पाठांतर न सांगता 'चला, रोगीच पाहू' असे म्हणून ओर्ता रुआनोला सोबत घेऊन निघतो. ज्ञान कोठे असते याविषयीची त्याची भूमिका या एका कृतीत आहे.

स्पेनमध्ये असताना गॅलेन आणि ग्रीक यांच्याविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशा आशयाचे ओर्ता उघडपणे सांगतो. ही भीती सांगता येण्यासारखी होती. दुसरी एक भीती त्याने ग्रंथात कोठेही सांगितलेली नाही. ओर्ता सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबातला होता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले, ग्रंथ त्यानंतर तीन वर्षांनी निघाला, आणि त्याच्या शीर्षकपृष्ठावर इन्क्विझिटर आलेशु दियश फाल्कांव याने तो पाहिला असल्याची नोंद आहे. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांतून त्याची मोझेसच्या धर्मावरील गुप्त निष्ठा नोंदली गेली, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. हा सारा इतिहास १९३४ साली ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांच्या संशोधनाने उजेडात आणला.

आता शोनफेल्ट यांचे सूत्र येथे लावून पाहा. इन्क्विझिशन ज्या खुणांवरून गुप्त ज्यू ओळखत असे, त्यांत डुकराचे मांस न खाणे, ठरावीक दिवशी उपवास करणे, शनिवार पाळणे या गोष्टी असत. काय आत घ्यावे आणि काय घेऊ नये, हा निर्णय म्हणजे 'मी' असणे, असे आपण आल्माच्या गढीत पाहिले. गोव्यात तोच निर्णय पुरावा होता. अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात १७३६ चा जो जाहीरनामा दिला आहे, त्यात नवख्रिस्त्यांनी हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये, असेही एक कलम आहे. भाताच्या हंडीत मीठ केव्हा घालावे यावरून माणसाच्या आत्म्याची परीक्षा! येथे पथ्य मोकळीक देते हे खरे, कारण घरच्या चुलीशी राखलेला तो छोटासा नियम हीच त्या माणसाची उरलेली स्वतःची जागा. आणि पथ्य गळफास होते हेही खरे, कारण त्याच चुलीवर शेजाऱ्याची नजर आहे. शोनफेल्ट विरुद्ध फुको हा वाद वर्गात चालतो तसा येथे चालत नाही. एकाच हंडीत दोघांचे म्हणणे शिजते आहे.

म्हणून ओर्ताच्या ग्रंथात 'स्व' शोधायचा तर तो पथ्याच्या आणि आहाराच्या कथनात शोधून चालणार नाही. तेथे त्याने स्वतःविषयी बोलण्याची दुसरी वाट काढली. गॅलेनला मी भीत नाही, असे तो पुन्हापुन्हा दाखवतो. आधिकारिक ग्रंथापेक्षा स्वतः पाहिलेले खरे मानण्याचा हा हट्ट वैद्याचा होता हे तर उघडच आहे. ज्याच्या घरात अधिकृत शब्द एक आणि जगलेले सत्य दुसरे होते, अशा माणसाचाही तो हट्ट असावा, असे मला वाटते. हा तर्क आहे. कागदोपत्री तो सिद्ध होणार नाही. पण शोनफेल्ट यांनीच आपल्याला शिकवले की वैद्यकाच्या भाषेत त्या काळची माणसे स्वतःविषयी बोलत असत. त्यांची ही शिकवण त्यांच्या चार कवींपलीकडे नेल्याखेरीज तिचे पुरते मोल कळत नाही.

आणखी एक व्यक्ती या ग्रंथात वावरते. अंतोनिया ही ओर्ताच्या घरातील दासी. वनस्पती आणायला, दाखवायला तिला हाक मारली जाते. ती येते, वस्तू देते आणि जाते. आल्माच्या गढीतील नोकरांना निदान नावे होती ती गुणांची. हिला माणसाचे नाव आहे, बाप्तिस्म्यात मिळालेले. कोणते फळ कोठे मिळते हे तिला ठाऊक असल्यावाचून कित्येक संभाषणे पुढेच सरकली नसती. तिची प्रकृती कशी आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही, ना ओर्ता, ना रुआनो. पॅस्टर यांच्या पद्धतीने ही पाने कोणी वाचली तर बरेच हाती लागेल.

युरोपने हा ग्रंथ वाचला तो निराळ्याच रूपात. कार्लुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ साली, ओर्ता हयात असतानाच, अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. त्यात औषधी राहिल्या, गुणधर्म राहिले, चित्रे आली. संवाद तेवढा काढून टाकला. रुआनो गेला, अंतोनिया गेली, धावत आलेला पोऱ्या गेला. त्या संक्षेपावरून इटालियन आणि फ्रेंच अवतार निघाले, आणि युरोपातील वैद्यांनी ओर्ताची औषधे पिढ्यान्‌पिढ्या वापरली. मूळ संवादांचे इंग्रजी भाषांतर क्लेमंट्स मार्कहम यांनी १९१३ साली केले, तेव्हा पहिली आवृत्ती निघून साडेतीनशे वर्षे झाली होती.